मडगार्डखालची चार बोटं

३ मार्च, सोमवार
संकल्प : ईदच्या आत गाडीचं मागचं सस्पेन्शन नवं करणे. स्वतःच्या हातांनी. धक्के झेलणारे डँपर तेल गाळतात, रबरी बुश फाटलेत. चार संध्याकाळचं काम.
यंदा पाळी बायकोच्या गावाची. एक ईद माझ्या गावी मलाक्काला, पुढची तिच्या गावी केलांतानला, हे लग्नातच ठरलंय. केलांतान म्हणजे डोंगर ओलांडून दिवसभराचा रस्ता. रोस्नानी म्हणाली, अहो, माझ्या मागच्या पाळीला गिअरबॉक्स गेला, त्याच्या आधीच्या पाळीला रेडिएटर. तुमच्या गावाला जाताना मात्र गाडी लोण्यासारखी चालते. माझ्या अब्बांबरोबर ईद करून किती वर्षं झाली, आठवतं का?
योगायोग. गाडीला काय कळतं पाळी कोणाची ते?

७ मार्च
गाडी पोर्चमध्ये स्टँडवर. मागची चाकं काढली. सगळे अवयव पेपरवर मांडले. प्रगती उत्तम.
आता एवढं उघडलंच आहे तर जुन्यासारखेच स्प्रिंग घालायचे की कॉइलओव्हर? म्हणजे स्प्रिंग आणि डँपर एकाच दांड्यावर. रिंग फिरवली की गाडी हवी तेवढी खाली-वर. चाक आणि मडगार्ड यांच्यात सध्या चार बोटं फट आहे. मला ती बघवत नाही. अर्थात माझा विचार केवळ सुरक्षिततेचा आहे. घाटातल्या वळणांवर बुटकी गाडी घट्ट बसते. शोभेचा प्रश्नच नाही.

९ मार्च
स्पेअर पार्टवाल्या लिऑंगकडे गेलो. त्याचं म्हणणं, बॉस, मी दोन्ही विकतो, मला काय. मागे बायको-पोरं बसणार असतील तर साधे घे. गाडी नुसती बघत बसायची असेल तर कॉइलओव्हर. मी म्हणालो, रात्रभर विचार करतो. तो म्हणाला, कर. मागच्या रविवारीही तू हेच म्हणाला होतास.

१३ मार्च
फायनल. साधे स्प्रिंग. संसारी माणूस आहे मी.

१४ मार्च
कालचं रद्द. भुकेल्या पोटी घेतलेला निर्णय ग्राह्य धरू नये.

१६ मार्च
रोजा सोडून दारात बसलो होतो. पलीकडच्या वस्तीतली पोरं जमिनीला टेकलेल्या गाड्या घेऊन आली, आमच्या गल्लीच्या तोंडाशी थबकली आणि मुकाट्याने वळली. का? तर गल्लीच्या दोन्ही टोकांना स्पीडब्रेकर आहेत म्हणून. नगरपालिकेचे बुटके होते. रहिवासी समितीचा सेक्रेटरी या नात्याने गेल्या वर्षी मी स्वतः उभं राहून त्यांवर सिमेंटचा आणखी एक थर चढवून घेतला. समाधान वाटलं.
पोरांच्या गाड्या मात्र दिसतात झकास.

२० मार्च
रोस्नानी म्हणाली, घरात कोंडल्यासारखं झालंय. बाजार पायी, शाळा पायी, ऑफिसला बस, आणि दारात उघडी पडलेली गाडी. सासरे रोज फोन करून विचारतात, कधी निघताय? तिने परस्पर सांगून टाकलं, ईदच्या आधीच्या शनिवारी सकाळी.
हे असं दडपण आणल्यावर माणसाने शांतपणे विचार कसा करायचा?

२५ मार्च
बसवले! कॉइलओव्हर! रिंग पार खालपर्यंत फिरवली. फट शून्य. पान्यावर उभा राहून लॉक-रिंग अशी आवळली आहे की बापजन्मात ढिली व्हायची नाही.
रोस्नानीने मडगार्डखाली बोट घालून बघितलं, शिरलं नाही. मग विचारलं, रिकामी असतानाच एवढी खाली, तर आम्ही बसल्यावर? मी म्हणालो, ही सगळी गणितं कंपनीने केलेली असतात.

२९ मार्च, शनिवार, सकाळ
निघालो. बिस्मिल्ला म्हटलं. डाव्या टोकाच्या स्पीडब्रेकरवर गाडी पोटावर बसली.
सगळे उतरले, सामान उतरवलं. शेजाऱ्यांनी मागे ढकलली. रिकामीच घेऊन उजव्या टोकाला गेलो. तिथेही तेच. शेजारचे म्हातारे म्हणाले, सेक्रेटरीसाहेब, काम मात्र पक्कं करून घेतलंत हो.
गाडी वर घ्यायला रिंग फिरवू पाहिली, हलत नाही. दोन पाने वाकले. लिऑंग दुकान बंद करून आपल्या गावी इपोहला गेलाय.

त्याच दिवशी, दुपार
मेहुणाही केलांतानलाच निघाला होता, तो वाट वाकडी करून त्याच्या चिमुकल्या गाडीतून आला. जुनी गाडी, साधे स्प्रिंग. रोस्नानी आणि दोन्ही पोरं कशीबशी मावली. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो. ती म्हणाली, कशाने?
भांडली असती तर बरं झालं असतं. काच वर करून गेली. स्पीडब्रेकरवर त्यांची गाडी नुसती एकदा डुलली.
बसची तिकिटं महिन्यापूर्वीच संपलीत म्हणे.

३१ मार्च. ईद
नमाज पढून आलो. गल्ली ओस. जो तो आपापल्या गावी. शेजारच्या म्हाताऱ्यांनी नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, रेन्दांग, दिलं, ते उभ्याउभ्याच खाल्लं. घर खायला उठतं म्हणून गाडीत जाऊन बसलो. गाडी दोन स्पीडब्रेकरांच्या मधोमध उभी आहे. फार देखणी दिसते. बघायला कोणी नाही.
रोस्नानीचा फोन आला. ईदच्या रिवाजाप्रमाणे तिने माझी माफी मागितली. वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला म्हणाली. मीही मागितली. कशाची ते दोघंही बोललो नाही. मग म्हणाली, अब्बांनी आंब्याखालची जागा झाडून ठेवली होती. भाऊ तिथे गाडी लावायला गेला, तर त्याला म्हणाले, थांब, ती जावयाची जागा आहे. अजून रिकामीच ठेवलीय.
सासऱ्यांच्या फाटकात एक नारळाचा ओंडका आडवा टाकलेला आहे. मला पक्कं आठवतं. तिथेही गाडी अडकलीच असती. म्हणजे गेलो नाही हे एका अर्थी बरंच झालं.
काही बरं झालं नाही.