लोकरीची गर्भाशयं

लाडक्या ताईस,

मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आमच्या विणकामाच्या वर्गाकडून लोकरीची गर्भाशयं करून घेतली. ती दारात टांगली की बायका थबकतात आणि गर्भाशयाच्या कॅन्सरच्या तपासणीचं विचारतात. एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, मला वांगंच वाटलं!"

नर्सबाई मला म्हणाल्या, "तू स्वतः केलीस का तपासणी?" म्हणून केली. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बदललेल्या निघाल्या. कॅन्सर नाही, वेळेत कळलं म्हणतात. सोमवारी तेवढा भाग काढतील. ऐकून रडू आलं नाही, काहीच वाटलं नाही. घरी येऊन भांडी घासली.

आईला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे? आणि भावजी येत नसतील तर एकटी जा, पण तूही ही तपासणी करून घे.

तुझीच,
धाकटी