धनाभाऊची रॅकेट

पुणे, जुलै १९४६

ती. अक्का, तुझ्या पाया पडतो.

तर तू विचारलंस तेच आधी, मी पोटभर जेवतोय. आणि विंबल्डन सुरू झालं गं, लढाईपासून बंद होतं ते! इराण्याच्या रेडिओवर निकाल ऐकतो.

"विंबल्डन सुरू होईल तेव्हा मी घरी असेन," असं आपला धनाभाऊ ब्रह्मदेशच्या लढाईवर जाताना म्हणाला होता. काल निकाल ऐकताना मागून त्याचाच आवाज आला, "पुन्या, कोन जिंकना रे?" मी जिंकणाऱ्याचं नावही सांगितलं. मागे कोणी नव्हतं.

आईला सांगू नकोस. तिचा खोकला कसा आहे?

लढाई संपून वर्ष होत आलं तरी धनाभाऊचा पत्ता नाही, म्हणून नाना आता त्याचे दिवस घालायचे म्हणतात. इथे माझ्याकडे त्याची रॅकेट आहे, तिच्या जाळीची तात तुटलीय. नवी बसवून घेऊ का? तुला काय वाटतं, अक्का?

तुझा पुना