न गळणारी नाव

४ जाने. १९८९, धुळे
नव्या नावेला इपॉक्सीचा, म्हणजे पाणी रोखणाऱ्या लेपाचा, दुसरा हात दिला. उन्हाळ्यात वाटीतच दगड होतं म्हणे. या थंडीत दोन दिवस चिकट. आबा ओट्यावरून बघत होते. तापीवर चाळीस वर्षं नाव चालवली, पूल झाला नि लेकाकडे, माझ्याकडे येऊन बसले. नदीला पाणी आहे तोवर त्यांना एकदा पलीकडे न्यायचंय. हा सगळा खटाटोप त्याचसाठी.

५ जाने.
शाळेत शिकवून आलो तर नाव पाण्याने भरलेली. आबांनी दुपारभर बादल्या वाहिल्या. धाप लागलेली, पण खूश. "नवी नाव शे. तिले पानी पेवू दे, फया फुगतीन." फळ्या फुगल्या की सांधी मिटतात, जुन्या नावेचं ते बरोबरच. पण ओलं इपॉक्सी सगळं दुधाळ होऊन वाया गेलं. डोकं फिरलं. म्हणालो, हे तुमचं काम नाही आबा.

७ जाने.
घासून पुन्हा इपॉक्सी. आबा जेवून आत जाऊन पडतात, ओट्यावर येत नाहीत.
लहानपणी आबांच्या नावेसाठी राळ नि अळशीचं तेल उकळायचं, त्या वासाने भूक लागायची. आबा सांधीत कापूस ठासायचे. तरी नाव गळायचीच. डब्याने पाणी उपसायला म्हणून मला न्यायचे. तेवढा सुखी पुन्हा कधी झालो नाही.

१५ जाने.
व्हार्निशचा शेवटचा हात वाळला. आज मीच पाणी भरलं, आबांना हात धरून आणलं. तळ खालून चाचपला त्यांनी. कोरडा. मला वाटलं, आता खुलतील.
"हाई गयत नही. मंग मनं काय काम शे?"
न गळणाऱ्या नावेत त्यांचं काम नाही म्हणे; नदीवर येणार नाहीत.

१७ जाने.
मागच्या बाकाखालची एक सांध छिन्नीने उघडली. तीन महिन्यांची मेहनत होती. बायको, सुमन म्हणाली, वेडे आहात. असेन.

१८ जाने.
कापूस, राळ, तेल आबांपुढे ठेवलं. एक सांध गळतेय म्हटलं. बराच वेळ बोट फिरवत बसले. छिन्नीची खूण लागलीच असणार बोटाला. राळेचा खडा चुरून वास घेतला.
"हाई राळ कामनी नही."
नदीवर येणार का ते अजून कळलं नाही; कापूस मात्र पिंजायला घेतला. उद्या शिरपूरला जाऊन दुसरी राळ बघतो.