दुसऱ्याच्या रकान्यातली खूण

कावासाकी, जपान, मंगळवार

ती. आईस, पूजा आटोपून देवापुढूनच नमस्कार.

आम्ही तिघं मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

मितालीला शाळेत एक जुनी अमेरिकन गोष्ट आहे. गावातले सगळे दर रविवारी चर्चमध्ये एका गरीब धोबिणीचं नाव घेऊन प्रार्थना करतात, पण तिच्या दारात कोणी जात नाही. "कसली गं ही देवाधर्माची माणसं!" मी चिडून म्हणाले. तर मिताली म्हणते, "आई, आपल्या शेजारच्या आजी शेवटच्या कधी दिसल्या गं?"

इथे सूचनांची पाटी घरोघर फिरते. वाचून आपल्या रकान्यात खूण करायची आणि पुढच्या दारी द्यायची. शेजारच्या ओकादा आजींनी दोनदा दार उघडलं नाही. पाटी अडू नये म्हणून त्यांची खूण मीच केली. आतून टीव्हीचा आवाज येत होता ना! त्याच आवाजाच्या सोबतीने मी रोज पूजा करत होते.

मितालीने विचारल्यावर मी इमारतीच्या व्यवस्थापकांना बोलावलं. दार उघडलं तेव्हा टीव्हीत एक बाई हसत होती आणि आजी समोर बसलेल्या होत्या. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते.

हे कळवणार नव्हते. पूजेला बसले की अजून कान भिंतीकडे जातो.

काल तुझ्या शेजारच्या वैभवीला फोन केला. "काकू मजेत आहेत, टीव्ही चालू असतो की!" म्हणाली.

आई, घराची एक किल्ली तिच्याकडे दे. रोज सकाळी तिने हाक मारायची आणि तू ओ द्यायचीस.

तुझी,
यामिनी