सुरंगीवरचा ढग

४ जानेवारी १९९३
सिल्वासा आवडलं. आकाशाकडे बघण्याचा पगार मिळणार म्हटल्यावर न आवडून काय करतो! खडोलीच्या कारखान्यांमागे टेकाडावर पत्र्याची खोली, रेडिओ आणि नोंदवही. रोज अकराला उपग्रह ढगांचं चित्र घेतो, त्याच वेळी आमचं संशोधन विमान वरून फिरतं आणि मी खालून बघून आकाशाचे आठांपैकी किती भाग झाकलेत ते लिहितो. तिघांचं जुळलं की उपग्रह खरा. नोंद शाईनेच, खाडाखोड नाही. विमानात शंतनु असतो, माझा शाळेपासूनचा दोस्त. झाडलोटीला धुळ्याकडच्या पुतळाबाई आहेत, चहा फर्मास करतात.

७ जानेवारी
पुण्याहून साहेबांचा फोन. तीन दिवस उपग्रहाला शेजारच्या सुरंगी गावावर पांढरा ठिपका दिसतोय. शंतनु आणि मी दोघंही निरभ्र म्हणतोय. साहेबांनी मला डोळे तपासायला सांगितलं. माझी नोकरी अजून कच्ची आहे.

८ जानेवारी
आकाश स्वच्छ होतं. तरी 'एक भाग, सुरंगीवर' असं लिहून टाकलं. साहेब खूश झाले. पुतळाबाईंना गंमत म्हणून सांगितलं, तर त्यांचा झाडू थांबला. आधीच्या भास्करसाहेबांनीही असंच केलं होतं म्हणाल्या.
"न दिसलेलं लिवू नका, साहेब. मग ते येतं."
भास्कर कुठे गेले, ते सांगेनात.

९ जानेवारी
आला. कापसाच्या बोळ्याएवढा, वारा असूनही हलत नाही. शंतनुलाही दिसला. उद्या आत शिरून मोजमाप घेणार म्हणाला. माझी नोंद खोटी होती हे सांगायला हवं होतं. लाज वाटली, गप्प बसलो.

१० जानेवारी
विमान अकरा वाजून चार मिनिटांनी ढगात शिरलं. बाहेर आलं नाही. इंधन चार तासांचं होतं. आता संध्याकाळचे सहा वाजलेत आणि इंजिनाचा आवाज येतोच आहे —

११ जानेवारी
शोधणाऱ्यांना काही सापडलं नाही. ढग खडोलीवर आलाय. मी काही न लिहिताच वाढतोय. माझ्यामुळे —

१२ जानेवारी
पुतळाबाई गावी निघाल्या. जाताना म्हणाल्या, निरभ्र लिहा, आला तसा जाईल. पेन उचललं आणि रेडिओवर शंतनु बोलला.
"अशोक, निरभ्र लिहू नकोस. मी यातच आहे."
नाही लिहिलं.

१३ जानेवारी
खिडकीबाहेर पांढरं. दाराखालून आत येतंय. बोटं बधिर — नोंदवही हाताला लागत नाही, इथेच लिहितो —
रेडिओ बंद केलाय. तरी शंतनु बोलतोय. माझ्या मागे. नको म्हणतोय —
माफ कर रे. आकाश निर