लेझर बिघडला म्हणून शुक्र

१२ मे २००१, दौंड
झाली निवड! बंगळूरला पीएच.डी. — शुक्राचं वातावरण. मुलाखतीत विचारलं, याच विषयाकडे कशा वळलात? मी म्हटलं, लहानपणापासून ओढ. साफ खोटं! एमएस्सीला विभागातला लेझर वर्षभर दुरुस्तीला पडला, म्हणून सरांनी मला कॉम्प्युटरवर शुक्राचे ढग देऊन गप्प बसवलं. आणि मग ते ढग सोडवेनात.

१३ मे
आई म्हणते, "तिथं माणूस न्हाई का काणूस न्हाई. तिथल्या हवेचं तुला काय करायचंय?" सांगितलं, ढग अ‍ॅसिडचे असतात. "मंग धुणं कुठं वाळत घालायचं?" आप्पा खो खो हसले. असं घर!

२० मे
आप्पांच्या गावी, केंदूरला, सत्कार. शाल, नारळ, आणि सोसायटीचे चेअरमन हौसराव. "आपली तेजश्री हवामान खात्यात साहेब झाली! आता केंदूरचा पाऊस हिच्या हातात!" टाळ्या. आज यांना माझं नाव पाठ. लहानपणी यांच्या विहिरीवर गेले की फक्त आडनाव विचारायचे. शाल टोचते.

२ जून
आप्पा डोळ्यांच्या तपासणीत नापास. बावीस वर्षं यार्डात इंजिन चालवलं, आज डॉक्टरने कायमचं अनफिट लिहिलं. पगार थांबणार, क्वार्टर जाणार. त्याबदली रेल्वे घरातल्या एकाला नोकरी देते. मला भाऊ नाही, म्हणजे मीच. इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हमालीपासून पुसापुशीपर्यंत सगळं.
शेजारच्या कुशाबाई पेढे मागायला आल्या! "पोरीनं नशीब काढलं बाई, सरकारी नोकरी." आप्पा अनफिट आणि अभिनंदन माझं.

५ जून
एमएस्सी फर्स्ट क्लास, आणि इंजिनाखाली ग्रीस पुसायचं. फिजिक्सच आहे म्हणा तेही — घर्षण! विनोद जमत नाहीये. मला जायचंय. आप्पा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेत आणि माझ्या मनात बंगळूर. लाज वाटते, तरी जायचंय. आई तर त्या विषयावर बोलतच नाही. तिच्या लेखी शुक्र संपला.

९ जून
रेल्वेच्या वेल्फेअरचे साहेब आले. विचारलं, "नोकरीला नाव कुणाचं घालायचं?" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई ओट्याजवळून म्हणाली, "रंभा बन्सी ओव्हाळ. आठवी पास हाय मी."
साहेब हसले. "मावशी, लोखंड उचलावं लागतं तिथं. पोरगी आहे की."
"ती कुठं मोकळी हाय? तिला शुक्राचं काम पडलंय."