पुतळीचा कोट

४ मार्च
सूनबाई, चष्मा शोधू नकोस, डोक्यावर आहे. कालही तिथेच होता आणि काल तू गादी उलटून पाहिलीस. अशा विसराळू बाईच्या हाती माझी वही! असो. मी सांगते, तू लिही. मधे बोलायचं नाही, दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही.

२७ तारखेला धाकटी बहीण जाऊन वर्ष होईल. अंडाशयाचा कॅन्सर. आठ महिने सगळे तिला गॅस गॅस म्हणत होते. मीही. तिला काढे पाजले आणि तिच्या स्कर्टच्या शिवणी उसवून सैल सोडल्या. चार वेळा. पाचव्यांदा आत कापडच उरलं नव्हतं. जन्मभर शिलाई करते, पण कंबर वाढतेय आणि दंड वाळतोय हे मला दिसू नये?

संकल्प: २७ ला दुकानापुढे आपली शिलाईची पुतळी उभी करायची. तरुणपणी माझ्याच मापाची बनवलेली, माझे सगळे कपडे तिच्यावरच होतात. पोटात चिंध्या कोंबून तिला आजारी करायचं, अंगात लाल कोट. डब्यात पैसे टाका, काठी घ्या, तीन तडाखे हाणा. पैसे डॉक्टरीणबाईंच्या फंडाला, ज्यांना तपासणी परवडत नाही त्या बायांसाठी.

७ मार्च
डॉक्टरीणबाईंनी चार खुणा शिकवल्या. पोट फुगणं. दोन घासांत पोट भरणं. ओटीपोटात दुखणं. सारखं लघवीला धावणं. तीन आठवडे जवळजवळ रोज असेल तर तपासून घ्यायचं. मला एका दमात पाठ. बाई म्हणाल्या, तुम्ही बारीक झालात. म्हटलं, कामानं. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. डॉक्टरांना सवयच असते.

१२ मार्च
समोरचा चष्मेवाला म्हणाला, असले बायकांचे आजार भर रस्त्यात कशाला? लाकडी पट्टी त्याच्या पाठीवर मोडली. पट्टी चांगल्या लाकडाची होती, पाठ कशाची आहे कोण जाणे.
स्कर्टचा हूक लागेना. धुण्याच्या मशीनमध्ये कापड आटतं. सून म्हणे, मशीन दोन महिने बंद आहे. मग हाताच्या धुण्यानंही आटतं. शिवण जरा सोडली.

१६ मार्च
पुतळीचं पोट भरलं. हातानं नाही, गुद्द्यांनी. धाकटीचं नाव घेत एकेक चिंधी ठोसली. त्या पोटावर नवा कोट बेतला.
दुपारी एका गिऱ्हाईक बाईचं माप घेताना चारांतल्या तीन खुणा सापडल्या. दंडाला धरून फरफटत डॉक्टरीणबाईंकडे नेली. वाटेत ती मला चावली. निघाली गरोदर. नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं म्हणे. आता सबंध रस्त्याला कळलंय, त्यालाही कळेल.

२१ मार्च
अर्धी वाटी सूप घेतलं आणि पोट भरलं. सून मीठ फार घालते. (हे लिहिलंस का? लिही.)
संडासात मुलगा पेपर घेऊन बसलेला. मला घाई. लाथ मारली, दाराची खालची फळी आत गेली. मार्चातही थंडी आहे, थंडीत लघवीची घाई होतेच.
कंबर दुखते ती खुर्चीनं. खुर्ची बदलणे.

२७ मार्च, सकाळी ७
आज सबंध रस्ता जागा करणार. डबा मोठा घेतलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गर्दी झाली. चष्मेवाल्यानं तर दोनदा पैसे टाकले आणि पुतळीच्या फक्त डोक्यावर हाणलं. मला उद्देशून होतं, कळलं. मी स्टुलावर उभी राहून खुणा ओरडत होते.
मग खाटीक आला. तीन तडाखे मारून काठी परत देईना. मारतच सुटला. कापड फाटलं, चिंध्या बाहेर आल्या, तरी मारतोय. त्याची आई याच आजारानं गेली, हे त्यानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. शेवटी पायरीवर मटकन बसला. सूनबाईनं त्याच्या मुठीतून काठी एकेक बोट सोडवत काढून घेतली. 
वारा सुटला. मला हुडहुडी भरली. पुतळीचा कोट काढून मी घातला, बटणं लावली आणि पुढं ओरडायला लागले. पोट फुगणं. दोन घासांत पोट भरणं. तिसऱ्या खुणेला लक्षात आलं, सगळे माझ्या पोटाकडे बघताहेत.
कोट नेमका बसला होता. शेवटच्या बटणापर्यंत.
सून पुढं आली आणि त्या शेवटच्या बटणावर हात ठेवला. मी तिच्या थोबाडीत मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं हात काढला नाही.
कोट सैल शिवला गेला असणार.

२८ मार्च
जाणार नाही. गॅस आहे.
सून म्हणते, तपासायला जाईपर्यंत वही लिहिणार नाही. हे मात्र लिहिलंस, म्हणजे हरलीस.

त्याच दिवशी, दुपारी
ती हरली नव्हती. माझे सगळे स्कर्ट उलटे करून टेबलावर मांडले. शिवण सोडली तरी सुईची भोकं राहतात, हे तिला मीच शिकवलं. एकाखाली एक चार ओळी. तिनं बोट ठेवून दाखवल्या. म्हणाली, आत कापड उरलं नाही आता.
मी कात्री भिंतीवर फेकली. पोपडा पडला. मग चपला मागितल्या.

३ एप्रिल, हॉस्पिटल
आजचं नर्स लिहितेय. पान घरी पाठवणार आहे.
आहे म्हणे. कुठवर पसरलाय ते शुक्रवारी पोट उघडल्यावर कळेल. डॉक्टरीणबाईंना बजावलंय, टाके जवळजवळ घाला, दोरा तोडताना गाठ विसरू नका.
महिनाभर एवढा आरडाओरडा केला. तपासायला गेल्या दोघी. एक गरोदर, एक मी.
सूनबाई, गाल दुखतो का ते विचारायचं राहिलं. पुतळी शिवून ठेव, पुढच्या वर्षी लागेल. पोट भरू नकोस.
आणि चष्मा डोक्यावर आहे. उद्या सूप पाठव, अर्धीच वाटी. मीठ तू घालतेस तेवढंच घाल.